स्वच्छ वाहन कोणाच्या दाराशी?

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



ऑगस्ट २०२५ पासून महाराष्ट्र शासनाने अटल सेतूवरील पथकर विजेवर चालणाऱ्या मोटारींना आणि बसगाड्यांना माफ केला. शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तेव्हा मोटारीसाठी एका खेपेचे २५० रुपये आणि परतीच्या प्रवासासह ३७५ रुपये असा दर ठरविण्यात आला होता. महिन्यातून पंचवीस दिवस ये-जा करणाऱ्या मोटारमालकाचे या एका निर्णयाने नऊ हजारांहून अधिक रुपये वाचतात. हवा स्वच्छ व्हावी हा निर्णयामागील हेतू सांगितला गेला. त्या हेतूशी कोणाचाही वाद असण्याचे कारण नाही. तुर्भे, रबाळे, कोपरखैरणे येथील वस्त्यांत राहणाऱ्या श्रमिकाला तर स्वच्छ हवेची गरज सर्वांत अधिक आहे. कारण त्याला बंद काचांच्या आड बसून प्रवास करण्याची सोय नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी. सार्वजनिक तिजोरीतून सोडलेला हा पैसा कोणाच्या खिशात पडतो, आणि ज्या हवेच्या नावाने तो सोडला त्या हवेला त्यातून कितीसा लाभ होतो?

याच पुलावर दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही. पुलावर रेल्वेचा रूळ नाही. विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना पथकराची ही माफी नाही. पूल बांधण्यासाठी जपानच्या शासकीय वित्तसंस्थेकडून जे कर्ज घेतले, ते मात्र कोणालाही माफ झालेले नाही. मोटारवाल्याने जे भरले नाही ते कोणी तरी भरणारच. सवलत म्हणजे आकाशातून पडलेले दान नव्हे. एकाच्या अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या अंगावर ठेवलेले ते ओझे असते. ते कोणाच्या अंगावरून उतरले आणि कोणाच्या अंगावर चढले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा करून २०३५ नंतर विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींतून धूर पूर्णपणे थांबविण्याचे उद्दिष्ट ठरविले. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच संघाच्या आयोगाने ते उद्दिष्ट ९० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याबरोबरच लहान, स्वस्त विजेच्या मोटारींना उत्तेजन देण्याची भाषा सुरू केली. या माघारीचे एक कारण उघड आहे. कारखानदारांनी नव्या तंत्राचा आरंभ मोठ्या, उंची, भरपूर नफ्याच्या मोटारींपासून केला आणि सामान्य कुटुंबाला परवडेल असे वाहन मागे ठेवले. ब्रुसेल्स शहरातील आउडी कंपनीचा कारखाना केवळ विजेच्या उंची मोटारी तयार करीत असे. त्या मोटारींना पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बंद पडला. सुमारे तीन हजार कामगारांचे काम गेले. श्रीमंतांसाठी केलेल्या संक्रमणाची किंमत कामगाराने चुकविली.

याउलट फ्रान्सने जानेवारी २०२४ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. उत्पन्नाची मर्यादा घालून, कामासाठी दूर जावे लागणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना महिना साधारण शंभर-दीडशे युरोंच्या भाड्याने विजेची मोटार देण्याची योजना शासनाने काढली. मागणी एवढी आली की सुमारे पन्नास हजार अर्जांनंतर काही आठवड्यांतच ती थांबवावी लागली. सामान्य माणूस स्वच्छ वाहनाच्या विरोधात असतो, हा सोयीस्कर समज या एका अनुभवाने खोटा ठरतो. परवडेल अशा दराने दाराशी आणले तर तो ते आनंदाने घेतो.

तथापि युरोपचा धडा येथे जसाच्या तसा गिरविता येणार नाही. तेथे बहुतेक कुटुंबांपाशी मोटार आहे. म्हणून मोटार स्वस्त करणे म्हणजे सामान्य माणसाचे वाहन स्वस्त करणे, हे समीकरण तेथे बऱ्याच अंशी खरे आहे. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत मोटार असलेली कुटुंबे शंभरात आठही भरली नाहीत. ज्या देशात शंभरातील ब्याण्णव कुटुंबांच्या दाराशी मोटार नाही, तेथे ‘परवडणारे स्वच्छ वाहन’ या शब्दांचा अर्थ काय करावयाचा? नवी मुंबईपुरते उत्तर स्पष्ट आहे. ते वाहन म्हणजे लोकल गाडी आणि महापालिकेची बस.

विजेचे वाहन ही काही काल-परवाची नवलाई नव्हे. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली आणि १९६४ पर्यंत धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची रेल्वे हार्बर मार्गावर निघाली. त्याच हार्बर मार्गाचा विस्तार १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीपर्यंत आला. साठच्या दशकात विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबसही मुंबईने काही वर्षे चालवून पाहिल्या. ही सारी वाहने विजेची होती, सार्वजनिक होती आणि गिरणीकामगाराच्या खिशाला परवडणारी होती. ट्रामचे रूळ उखडण्यात आले ते मोटारींना वाट मोकळी करून देण्याच्या काळात. आज तोच मोटारमालक विजेची मोटार घेऊन स्वच्छतेचा अग्रदूत म्हणून मिरवतो आणि शंभर वर्षे विजेवर प्रवास करणारा लोकलचा प्रवासी मात्र या गौरवात कोठेही नाही, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

नवी मुंबईची जडणघडण या दृष्टीने विशेष बोलकी आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. येथील प्रत्येक रुंद रस्त्याखाली कोणाचे तरी भातखाचर आहे, एखादे मिठागर आहे. तो रस्ता कोणाच्या वापरासाठी राखावयाचा, हा म्हणूनच केवळ वाहतुकीचा प्रश्न नाही.

या शहरात रेल्वे आली ती सिडकोने खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला म्हणून. जमिनीच्या विकासातून आलेला पैसा सर्वांच्या प्रवासासाठी खर्च करण्याचा तो एक चांगला पायंडा होता. पुढे मात्र क्रम बदलला. बेलापूर ते पेंधर या ११ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पहिली गाडी धावली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. समुद्रावरील २२ किलोमीटरचा मोटारींचा पूल सहा वर्षांत पूर्ण झाला. उरणची लोकल अनेक वर्षे रखडत रखडत अखेर त्या पुलाबरोबर एकाच दिवशी सुरू झाली. ज्या कामाला निकड मानले जाते ते कसे पुरे होते आणि ज्याला मानले जात नाही ते कसे रेंगाळते, हे येथे दिसते.

करांच्या रचनेतही हीच दृष्टी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. विजेच्या बसला हा लाभ मिळाला, हे योग्यच झाले. परंतु पाच लाखांचे वाहन आणि पन्नास लाखांचे वाहन यांत काहीही भेद करण्यात आला नाही. सप्टेंबर २०२५ पर्यंत पायाने चालवावयाच्या सायकलवर १२ टक्के कर होता, आणि डिझेल किंवा गॅसवर चालणाऱ्या प्रवासी बसवर २८ टक्के. म्हणजे सहा वर्षे या देशात सायकलस्वार कामगार विजेच्या उंची मोटारीच्या मालकापेक्षा चढ्या दराने कर भरीत होता. सायकल कोणता धूर सोडते, हे त्या दरपत्रकाच्या कर्त्यांनीच सांगावे! त्या महिन्यात सायकलीवरील कर ५ टक्के आणि बसवरील १८ टक्के झाला. मोटारीचा पाचाच्या पाच राहिला.

महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये हा भेद ओळखण्याचा एक प्रयत्न झाला होता. ३० लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के मोटारवाहन कर लावण्याचे राज्याच्या अर्थसंकल्पात सुचविण्यात आले. चाळीस लाखांच्या मोटारीवर हा कर २ लाख ४० हजार रुपये झाला असता. ज्याला चाळीस लाखांची मोटार घेता येते त्याला तो जड नव्हता. परंतु महिना संपण्यापूर्वीच मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत हा कर मागे घेत असल्याचे जाहीर केले. या करातून विजेच्या प्रसाराला खीळ बसेल, असे कारण पुढे आले. ज्या प्रसाराला चाळीस लाखांच्या मोटारीवरील करमाफीचा टेकू लागतो, तो प्रसार कोणत्या समाजात चालला आहे हे वेगळे सांगावयास नको.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, विजेची मोटार कोणीही चालवो, तिच्यामागे धूर नाही. म्हणून रस्त्याकडेच्या फेरीवाल्यालाही तिचा लाभ आहे. आणि श्रीमंतांनी आधी घेतल्यावरच कोणतीही नवी वस्तू पुढे स्वस्त होते. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ते अपुरे आहे. मोटार विजेची झाली तरी रस्त्यावरची जागा तेवढीच व्यापते. बारा मीटर लांबीची बस साधारण तीन मोटारींएवढी जागा घेते. तीन मोटारींत चार-पाच माणसे असतात, तर बसमध्ये चाळीस-पन्नास. वाशीच्या खाडीपुलावरची कोंडी विजेने सुटत नाही. टायर झिजून उडणारी धूळ विजेने थांबत नाही. आणि वीज कोठून येते? महाराष्ट्राची पुष्कळशी वीज आजही कोळशापासून निर्माण होते. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पामबीच मार्गावर जो धूर निघाला नाही, त्याचा काही भाग चंद्रपूरच्या आकाशात निघतो. विजेची यंत्रणा तेलाच्या इंजिनापेक्षा ऊर्जा काटकसरीने वापरते, हे खरे. परंतु धुराचा जो भाग उरतो तो विदर्भाच्या वाट्याला येतो. म्हणून एका युनिट विजेत किती माणसे वाहून नेली, हाच स्वच्छतेचा खरा हिशेब आहे. या हिशेबात बसच्या पुढे मोटार कधीच जाऊ शकत नाही.

मग बसची स्थिती काय आहे? नवी मुंबई महानगरपालिकेचा परिवहन उपक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. विजेच्या बस लवकर रस्त्यावर आणणाऱ्या उपक्रमांत त्याची गणना होते. २०१९ पासून त्या शहरात आहेत आणि केंद्राच्या अनुदानातून त्यांची संख्या पुढे वाढली. २०२४ मध्ये नेरुळ आणि खारघर येथून अटल सेतूमार्गे मंत्रालयापर्यंत उपक्रमाच्या बस जाऊ लागल्या. या गोष्टींचे श्रेय उपक्रमाला दिलेच पाहिजे. परंतु या अनुदानाला एक अट जोडलेली होती. केंद्राच्या दुसऱ्या टप्प्यातील योजनेत बस विकत घेण्यासाठी नव्हे, तर कंत्राटदाराकडून दर किलोमीटरच्या भावाने चालवून घेण्यासाठी पैसा होता. बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा. फलक मात्र महापालिकेचा.

या पद्धतीचे समर्थन करणारे सांगतात की विजेच्या बसची मूळ किंमत फार मोठी असते, बॅटरीच्या आयुष्याची जोखीम असते आणि तोट्यातील उपक्रमाला ती झेपत नाही. अडचण खरी आहे. परंतु त्या अडचणीतून निवडलेली वाट कोठे जाते, हे खाडीपलीकडे पाहिले म्हणजे कळते. बेस्ट उपक्रमाने २०१९ मध्ये स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस कायम राखण्याचे कामगारांना मान्य केले होते. २०२४ च्या अखेरीस त्या सुमारे एक हजारावर आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील बसच्या चालकांनी वेतनवाढीसाठी काम बंद केले, तेव्हा मुंबईकर थांब्यांवर तिष्ठत राहिले. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील विजेच्या बसचा भीषण अपघात होऊन माणसे चिरडली गेली, आणि कंत्राटी चालकांना विजेची अवजड बस हाताळण्याचे प्रशिक्षण किती दिवसांचे मिळते हा प्रश्न उभा राहिला. यंत्र नवे आणले; यंत्र चालविणाऱ्या माणसाचा विचार जुन्या ठेकेदारीच्याच रीतीने केला. स्वच्छ ऊर्जेचे वाहन अस्थिर रोजगाराच्या चाकांवर धावू लागले तर प्रवाशाला सुरक्षितता नाही आणि कामगाराला प्रतिष्ठा नाही.

यात लोकशाहीचाही प्रश्न आहे. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात बसविषयीचे जे निर्णय झाले, त्यांवर निवडून आलेल्या सभागृहात चर्चा होऊ शकली नाही. ती चर्चा आता घडवून आणणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे.

दुसरा मोठा वर्ग आहे तो रिक्षा, टॅक्सी आणि ट्रक यांच्यावर पोट असणाऱ्यांचा. डिसेंबर १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाविषयीच्या याचिकेत जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यातून मुंबईची टॅक्सी गॅसवर आली आणि शहराची हवा सुधारण्यास मदत झाली. परंतु पंपांसमोरच्या लांबच लांब रांगांत ताटकळला तो चालक, आणि रांगेत गेलेल्या तासांची मजुरी त्याला कोणी दिली नाही. आता मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा अभ्यास करण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये शासनाने समिती नेमली. असा निर्णय उद्या झाला तर ऐरोलीच्या रिक्षाचालकाने कर्ज कोठून काढावयाचे, त्याच्या गाडीला वीज कोठे भरावयाची आणि भरत असताना बुडालेल्या भाड्याचे काय, याची उत्तरे आदेशाच्या आधी तयार हवीत. आदेश वरून आणि खर्च खालून, हा जुना प्रकार पुन्हा होता कामा नये.

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात महाराष्ट्रभरातून माल घेऊन येणारे ट्रक आणि १९८९ पासून चालू असलेल्या न्हावा-शेवा बंदरात कंटेनर वाहणारे ट्रेलर हे या शहराच्या हवेत डिझेलचा धूर सोडणारे मोठे घटक आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बंदरात ५० विजेच्या अवजड ट्रकांचा ताफा सुरू झाला. जड वाहनेही विजेवर चालू शकतात, याचा तो पुरावा आहे. हवेच्या दृष्टीने अशा एका ट्रकाचे मोल एका खाजगी मोटारीपेक्षा कितीतरी अधिक. आणि अटल सेतूवरील माफी मिळाली ती मोटारीला, मालवाहू गाडीला नाही!

तेव्हा मागण्या कोणत्या असाव्यात? पहिली, विजेच्या खाजगी मोटारींच्या सवलतींना किमतीची मर्यादा घालावी. ३० लाखांवरील मोटारींवरचा ६ टक्के कर पुन्हा आणावा आणि त्याचे उत्पन्न शहर बससेवांसाठी राखून ठेवावे. दुसरी, पथकराची माफी विजेच्या मालवाहू गाड्यांना द्यावी आणि सार्वजनिक परिवहनाच्या सर्व बसना, त्या कोणत्याही इंधनावर चालोत, ती लागू करावी. तिसरी, बसआगार आणि वीजभरणा केंद्रे महापालिकेच्याच मालकीची राहावीत. प्रत्येक कंत्राटात चालकाचे वेतन, कामाचे तास आणि प्रशिक्षणाचा कालावधी लिहिलेला असावा, आणि ती कंत्राटे जनतेला वाचावयास खुली असावीत. नव्या बस टप्प्याटप्प्याने उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या व्हाव्यात. चौथी, ठाणे-बेलापूर मार्गावर आणि पामबीच मार्गावर बससाठी राखीव पट्टा असावा. पाचवी, रिक्षाचालकांना आणि घरपोच माल पोहोचविणाऱ्या श्रमिकांना सहकारी पतसंस्थांमार्फत अल्प व्याजाचे कर्ज आणि थांब्यांजवळ वीज भरण्याची सोय मिळावी.

या मागण्या निवेदनातच राहिल्या तर त्यांचा उपयोग नाही. कार्यकर्त्यांनी वाशी, घणसोली, बेलापूर येथील थांब्यांवर सकाळ-संध्याकाळ उभे राहून मोजावे: किती माणसे वाट पाहतात, बस किती मिनिटांनी येते, किती जणांना दारातून परत फिरावे लागते, शेजारून जाणाऱ्या मोटारींत माणसे किती असतात. आगारात जाऊन कंत्राटी चालकाला वेतन किती आणि प्रशिक्षण किती दिवसांचे मिळाले ते विचारावे. हे आकडे घेऊन परिवहन समितीसमोर जावे. स्वतः मोजून आणलेल्या आकड्याला जी धार असते, ती उसन्या घोषणेला नसते.

धुराविरुद्धच्या लढ्यात समाजवाद्यांनी मागे राहावयाचे नाही. तो धूर सर्वांत आधी श्रमिकाच्याच छातीत जातो. पण वाहन स्वच्छ करण्याच्या निमित्ताने जनतेचा पैसा मोटारवाल्यांच्या दाराशी नेऊन टाकला जात असेल, तर तो तेथून उचलून बसथांब्यावर आणण्याचे काम कोणाला तरी करावे लागेल. ते संघटित प्रवाशांचे आणि संघटित कामगारांचे काम आहे, आणि ही दोन माणसे रोज एकाच बसमध्ये असतात. एक तिकीट काढतो, दुसरा बस चालवितो. त्यांची गाठ घालून देणे एवढेच कार्यकर्त्यांनी करावयाचे आहे.